दोन्ही डबे निळे

किहीमच्या एका अंगणात उभा असलेला जुना ट्रक. फ्रीजमध्ये कोलंबीच्या डब्याशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. आठवडाभर हसू दाबून बसलेली आळी. काळा चष्मा.

ट्रकला रंग चांगदेवने घरीच, स्वतःच्या हाताने दिला होता. रंगाऱ्याला जवळ फिरकू दिलं नव्हतं. ते रंगकाम बघून त्याच्या बायकोने, गोदूने, त्याला ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. "मोतीबिंदू फार पिकलाय," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करू, पण नजरेची खात्री देत नाही."

आज पट्टी सुटली. घर येईपर्यंत गोदूला ‘दिसतंय का’ विचारायचा धीर झाला नाही. रिक्षातून उतरल्यावर तो ट्रकसमोर थबकला. चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.

"गोदू, ही कोनाची गाडी?"

गोदूने त्याचा दंड धरला. "अवो, आपलीच."

"आपली? केबिन निळी नि हौदा पोपटी? कंच्या आंधल्यान रंगवली?"

"तुमीच!" गोदू पायरीवर मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. "दोनी डबे निळेच हायत, म्हनून माज्याशी भांडलात ना!"

"आळीत कोनी बघितला तं न्हाय?"

"रेवसपर्यंत गेलीय बातमी."

रंगाचे डबे उघडायच्या आदल्या दिवशी चांगदेव माणगावहून चिऱ्यांनी भरलेला तोच ट्रक एकटा चालवत घरी आला होता.