फाइल तुटते तिथून

हॉस्पिटलच्या धुलाईघरात गायक शिरला तेव्हा त्याचंच गाणं चालू होतं. खिडकीत टेकवलेल्या मोबाइलवर. वाळलेल्या चादरींचा ढीग छातीइतका, आणि समोरासमोर उभ्या सहा बाया दोघी-दोघींनी घड्या घालत होत्या.

खिशात तक्रारअर्ज होता. गाणं त्याचं, चाल त्याची, घरच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्डिंगही त्यानंच केलेलं. विकत घेणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि फुकट ऐकणारं अख्खं गाव. फुकटच्या नकला या धुलाईघरातूनच गावभर जातात, असं त्याच्या कानावर आलं होतं. बायको म्हणाली होती, "एकदा तोंडावर विचारून या. नाहीतर सोडून द्या हे गाणं-बिणं." दोन्हींतलं एक आज करायचंच, असं ठरवून तो आला होता.

तो बोलणार, तोच गाणं मध्येच कचकन तुटलं. नक्कल करताना फाइल अर्धवट उतरलेली. शेवटचं कडवं नाहीच. तेच कडवं लिहायला त्याला वर्ष लागलं होतं.

पण बायांचे हात थांबले नाहीत. श्वाससुद्धा न मोडता सहाही जणींनी पुढचं उचललं:

ज्याला वाजे इथे थंडी, त्याच्यासाठी माझी घडी।
त्याच्या चादरीत देवा, तुझी नीज, माझी सेवा।।

चाल त्याचीच होती. शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते. देवानं आपल्याला विसरून उघड्यावर टाकलंय, अशी फिर्याद करत त्यानं हे गाणं संपवलं होतं. आणि इथे तोच देव वॉर्डातल्या खाटेवर झोपी गेला होता, कुणीतरी नीट पांघरूण घातलेला.

"काय हवंय, भाऊ?" सगळ्यांत वयस्क बाईनं विचारलं.

"ते शेवटचं... तसं नाहीये." त्यानं घसा साफ केला आणि आपलं कडवं गाऊन दाखवलं. "उघडाच जन्म गेला..."

बायांनी ऐकून घेतलं. एकीनं तोंडाला पदर लावला.

"गळा गोड आहे हो," वयस्क बाई म्हणाली, "पण हे कुठून उचललंत? तुमची कॉपी खराब दिसते. थांबा, आमची पाठवते. शेवट तेवढा आमच्याकडून शिकून घ्या."

"मावशी, पैसे लावू नका हं त्यांना," पदरवाली म्हणाली. हशा पिकला.

गायकही हसला. अर्जावरचा हात त्यानं खिशातून हळूच बाहेर काढला.

"कडवं रचलं कुणी?"

"कुणी म्हणजे?" मावशी बुचकळ्यात पडली. बायांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. "गाण्यात जागा होती, तिथे ते आलं. मूळ गाणाऱ्यानं आमच्यासाठीच सोडली असेल. देव त्याचं भलं करो, मोठ्या मनाचा माणूस."

गायकाला मान वर करवेना.

"मावशी, एकदा परत म्हणाल?"

"म्हणू की. पण नुसतं उभं राहून नाही येत ते." तिनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. "ताणून धरा. मी पुढे आले की तुम्हीही पुढे यायचं."

पहिल्याच घडीला तो मात्राभर मागे पडला. बाया थांबल्या नाहीत.