हंगेरीची वऱ्हाडी नायिका

“अवो, दाढी तरी करून या ना. मले वाटलं दूधवाला आला.”

अर्पिता माइकसमोर म्हणाली आणि लॅपटॉपवरच्या गोऱ्या नायिकेनं नाक मुरडलं. नायकाचं उत्तर संघर्षनं दिलं, “दूधवाल्याशी तं तू हासून बोलते.”

आर्णीतल्या त्यांच्या खोलीत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराखिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. सिनेमा हंगेरीचा, बोलपट नुकतेच सुरू झाले तेव्हाचा, विनोदी. त्यातलं अक्षरही दोघांना कळत नव्हतं, आणि कळून करायचं काय? पात्रांच्या तोंडी वऱ्हाडी बसवायची आणि तुकडा यूट्यूबवर टाकायचा. पार यवतमाळपर्यंत लोक हसून बेजार.

माइकसमोर नवरा-बायको भांडत, लाडात येत. माइक बंद झाला की घर मुकं. पोटातलं बाळ गेलं तेव्हापासून हे असंच होतं. रडून झालं होतं, आता रडूही येत नव्हतं. उद्या बाभुळगावहून अर्पिताचा भाऊ तिला न्यायला येणार होता. ती परत येईल असं संघर्षला वाटत नव्हतं. ‘जाऊ नको’ म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं; पण तिनंच भावाला बोलावलंय, मग आपण कोण अडवणारे?

शेवटचा सीन उरला होता. नायिका सुटकेस घेऊन दारात. संघर्ष नेहमीसारखा, बोललं की स्क्रीनवर उसळणाऱ्या आवाजाच्या पट्टीकडे डोळे लावून बसला. चित्राकडे अर्पिताच बघायची, वाक्यंही आयत्या वेळी तीच जुळवायची.

“मले नाही जायचं,” ती म्हणाली. “तुमी एकदा थांब म्हना ना.”

पट्टी शांत झाली. अर्पिता माइकपाशीच उभी राहिली.

“पुढं नायकाचं काही हाय का?” त्यानं विचारलं.

“तुमालेच मालूम.”

“आवाज मस्त आला. झालं मंग.”

तिनं गोधड्या काढून घड्या घातल्या.

सकाळी भाऊ आला. चहा झाला. संघर्षनं तिची बॅग मोटारसायकलला बांधून दिली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभा राहिला. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

दुपारी तो सीनचा आवाज चित्राशी जुळवायला बसला. तिचं वाक्य काही केल्या बसेना. पुढं सरकवलं, मागं सरकवलं. शेवटी आवाज बंद करून त्यानं नुसतं चित्र पाहिलं.

नायिका दारात थांबते, सुटकेस उचलते आणि निघून जाते. अख्ख्या सीनमध्ये ती तोंडच उघडत नाही.