काहिलीपाशी काढलेलं चित्र

“तुमचा कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पण वजीरवर कोयता चालवणारा म्या या डोळ्यांनी बघितलाय,” रखमाजीआबा म्हणाले.

गुऱ्हाळातला गलका थांबला. विश्वास बसण्यासारखं नव्हतंच. याच आबांनी मागं बिबट्याचा कान पिळून त्याला मेंढरांची राखण करायला लावली होती, आणि भीमेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून पार राहू गावाला जाऊन चहा पिऊन आले होते. पण आत्ता दोन गड्यांनी बिरजूचा उजवा हात काहिलीवर ओढून धरला होता, खाली उसाचा रस रटरटत होता, आणि अशा वेळी माणूस थापाड्याचंही ऐकून घेतो.

बिरजू या गुऱ्हाळात जाळ घालायला होता, परमुलखातला. त्याचा ओठ फाटला होता आणि दोन दात चिपाडात पडले होते. रात्री शेजारच्या गोठ्यात सोपानरावांच्या शर्यतीच्या बैलाच्या, वजीरच्या, मागच्या पायाची शीर कुणीतरी तोडली. पाहिलं कुणीच नव्हतं. हंबरडा ऐकून पहिला धावला तो बिरजू. बनियन काढून त्यानं जखमेवर दाबून धरली, आणि लोक आले तेव्हा तो कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. तेवढं बास झालं.

“हम तो बाद में आये, भैया,” तो पुन्हा पुटपुटला.

सुरजनं पट्ट्याचं बक्कल त्याच्या बरगडीवर हाणलं. सुरजच्या दावणीलाही शर्यतीचे बैल होते. बैलाचं दुःख बैलवाल्यालाच कळतं, असं म्हणत सगळ्यांत आधी पट्टा त्यानंच काढला होता.

“आबा, कसा दिसत हुता त्ये तरी सांगा की मग,” तो म्हणाला.

“माझ्या तोंडाचं खरं कोण धरतंय बाबा? ही चित्रवाली पोरगी हाय न्हवं. हिच्या हातनंच येऊ द्या.”

सगळी तोंडं सारिकाकडं वळली. रविवारच्या शर्यतीच्या फ्लेक्ससाठी वजीरचं चित्र काढून द्यायचं काम सोपानरावांनी तिला दिलं होतं. सकाळी ती टॅब घेऊन बैल बघायला आली आणि इथं येऊन अडकली. टॅबवर वजीरची शिंगं झाली होती, वशिंड झालं होतं, पाय तेवढे राहिले होते.

“आबा, मी वाढदिवसाचे फ्लेक्स करते, लग्नाच्या पत्रिका करते. गुन्हेगार नाही काढत.”

“फ्लेक्सवर दुसरं कोण असतंय गं?”

तशातही कुणीतरी फिस्सकन हसलं.

“काढ पोरी,” सोपानराव म्हणाले. रडून त्यांचे डोळे सुजले होते, हातात कोयता होता. “आन् आबा, खोटं निघालं तर काहिलीत पयला हात तुमचा.”

“घाला की. तेवढाच गूळ चाटायला मिळंल.”

सारिका उसाच्या मोळीवर बसली. तिच्या मागं, जरा लांब, सुरज पट्टा हाताला गुंडाळत उभा होता. तिनं टॅबवरचा बैल लपवला आणि त्याच्यावर चित्राचा कोरा थर घेतला. जे तोंड उमटेल ते आज फुटणार, हे तिला दिसत होतं. म्हणून कुणाचंच नसलेलं तोंड काढायचं तिनं ठरवलं. टॅबची पेन्सिल उचलून तिनं तोंडाचा गोल ओढला.

“कपाळ बारकं,” आबा सांगू लागले. “डोळे खोल. नाक... न्हाई, असं चाफेकळी नगं. फेंदारल्यालं. पूस.”

तिनं पुसलं.

“गालाचं हाड वर. आन् भुवया मधी जुळल्याल्या.”

तिची पेन्सिल थबकली. आठवणारा माणूस आभाळाकडं बघतो, नाहीतर जमिनीकडं. आबा डोळे बारीक करून तिच्या डोक्यावरून मागं बघत होते, समोर माणूस बसवून चित्र काढणारे बघतात तसे. तिला मागं वळायची गरज नव्हती. जुळलेल्या त्या भुवया तिनं मागच्याच महिन्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्या भुवयांच्या मालकाच्याच हुकमानं सुट्या करून दिल्या होत्या.

“आबा, पुरे. एवढ्यावर भागेल.”

“मिशी ऱ्हायली की.”

मिशी काढली की झालं. नाही काढली, तर हे तोंड कुणाचंही होतं, बिरजूचंसुद्धा. तिनं काहिलीकडं पाहिलं. गड्यांनी बिरजूचा हात आणखी खाली दाबला होता. वाफेनं बोटांची कातडी पांढरी पडली होती आणि तो आता ओरडतही नव्हता, नुसता तोंड उघडत होता.

सारिकानं मिशी काढली. टोकांना पीळ दिला. मग टॅब सोपानरावांच्या पुढ्यात धरला.

सोपानरावांनी चित्राकडं पाहिलं. मान वर केली आणि तिच्या मागं पाहिलं. बाकीच्यांनीही तसंच केलं. गड्यांच्या हातातून बिरजू सुटला आणि चिपाडात कोसळला.

“आबा,” सोपानराव अगदी हळू म्हणाले, “एवढं सगळं दिसलं तुमास्नी अंधारात?”

“अंधार कुठला? टिपूर चांदणं हुतं की!” आबांना आता रंग चढला. “कोयता बैलाच्या पाठीला पुसला, मिशीवरनं असा हात फिरवला, आन् दात काढून हसला बघा माझ्याकडं.”

“खोटं!” सुरज किंचाळला. “साफ खोटं बोलतोय म्हातारा! मिशी कुठनं दिसली ह्याला? तोंडाला तर उपरणं बांधल्यालं हुतं!”