सरांचा झिम्मा

उद्या दहावीचा इंग्रजीचा पेपर होता, आणि फळ्याभर लिहिलेली क्रियापदं बघत परीक्षेला बसणाऱ्या गावातल्या बायका डोकं धरून बसल्या होत्या. त्यांना शिकवणारे सर महिन्यापूर्वी वारले, म्हणून सरांची मुलगी ऋजुता शहरातून शिकवायला आली होती. वर्तमानकाळ, भूतकाळ सांगून सांगून तिचा घसा बसला.

“सर न्हाईत, तर आमी बी पेपरला बसत न्हाई,” हौसाकाकू म्हणाल्या. “फळ्यावरचं डोक्यात शिरंना.”

“मग बाबा कसं शिकवायचे?”

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. बाकं सरकवून, पदर खोचून त्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एक पाऊल पुढे, टाळी, “गो!” एक पाऊल मागे, टाळी, “वेंट!” पुन्हा पुढे, “ईट!” पुन्हा मागे, “एट!”

“बाबा झिम्मा खेळायचे?” घरात मोठ्याने हसतानाही ऋजुताने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“खेळायचं म्हंजे? आमी दमायचो, सर न्हाई!”

ऋजुताने खडू ठेवला आणि ओढणी खोचली. अंधार पडेपर्यंत वर्ग दणाणत राहिला. एकही क्रियापद चुकेना.

“आता बसणार ना पेपरला?” तिने धापा टाकत विचारलं.

“बसणार तर!” हौसाकाकू म्हणाल्या. “आमी बी सरांच्या लेकीच की!”