सहा आठवड्यांचं प्लॅस्टर

"वहिनी, तुमच्या नवऱ्याने अजून एक गिऱ्हाईक धाडलंय!" म्हणत लढतींचा आयोजक हॉस्पिटलातल्या प्लॅस्टरच्या खोलीत शिरला. त्याच्यामागे सुजलेली उजवी मूठ छातीशी धरलेला ट्रक ड्रायव्हर. सगळ्यात मागे नवरा. तो दारापाशी बाकावर टेकला.

प्लॅस्टर घालणाऱ्या बाईंनी, म्हणजे वहिनींनी, एक्स-रे खिडकीशी धरला. करंगळीच्या मुळाशी हाड मोडलेलं. नेहमीचंच. उघड्या मुठींच्या लढतीत नवऱ्याची एकच करामत होती. ठोसा आला की चुकवायचा नाही, मान खाली घालून कपाळ पुढे करायचं. फुटायची ती समोरच्याची मूठ. एकोणीस वर्षं लोक त्याला 'दगड' म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते आणि त्या मुठी बाई सांधत होत्या. नवरा मोडतो, बायको जोडते, असं म्हणून हॉस्पिटलात सगळे हसायचे. पूर्वी त्याही हसायच्या.

"ताई, एक सांगू?" पट्टी गुंडाळून घेता घेता ड्रायव्हर हळूच म्हणाला. "काल लढत संपल्यावर मी हात मिळवायला गेलो. तर दादांनी मान खाली घातली. म्हणाले, मार. मी म्हटलं, दादा, तुम्ही जिंकलात की. तर म्हणाले, कधी?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी आयोजकाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दमला असेल हो. दगडाला काय होतंय! पुढच्या रविवारी बघा कसा उभा राहतो. पोस्टरं लागलीत."

बाईंनी ड्रायव्हरचं प्लॅस्टर पुरं केलं, काठ नीट बसवला. मग दोन मोठे रोल बादलीत बुडवले.

"इकडे या हो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "बसा इथे. हात पुढे करा. दोन्ही."

"अहो, काय करताय? त्याचे हात धडधाकट आहेत!" आयोजक ओरडला.

"तेवढेच राहिलेत."

"आणि माझी पोस्टरं?"

"आणून द्या. फरशीवर अंथरायला होतील."

"बरं, सहा आठवड्यांनी तर काढाल?"

"काढीन. आणि नवीन घालीन."

त्यांनी रोल असा पिळला की पाणी आयोजकाच्या बुटांवर उडालं. दात आवळून, ओली पट्टी मुठीत धरून त्या तरातरा नवऱ्यापाशी आल्या.

त्यांना तशा येताना पाहून त्याने मान खाली घातली आणि कपाळ पुढे केलं.