आठव्या माळेचा दिवा

"दोनच मिनिटं आई, लगेच परत लावतो," कॅमेऱ्यातून डोकं न काढता मुलगा म्हणाला. घटापुढच्या समईतून धुराची बारीक रेघ वर चालली होती.

देवीच्या नैवेद्याच्या कडाकण्यांचं ताट हातात घेऊन मी दारातच थांबले. नॉर्वेला लेकाकडे आले म्हणून नवरात्र मोडलं नव्हतं. सात रात्री दर तीन तासांनी उठून तेल घातलं होतं. घट खिडकीपाशी मांड, असं त्यानंच सांगितलं होतं.

"फुंकलास?"

"काचेत त्याचं प्रतिबिंब येत होतं गं. तीन वर्षांत आज पहिल्यांदा घरातून नॉर्दर्न लाइट्स दिसतायत, आणि तुझं काय, एका दिव्यासाठी!"

"अखंड दिवा होता तो, श्रीरंग."

"बरं, सॉरी. आता जरा बाजूला होतेस?"

आवाज चढवायची मला सवय नाही. मी ताट खाली ठेवलं आणि घरातले एकेक लाइट लावत सुटले. बैठकीतला, जिन्यातला, अंगणातलासुद्धा. काचेत आता त्याचं स्वतःचं तोंड तेवढं दिसायला लागलं.

"आई! अगं, फोटो गेला ना माझा!"

मी काडी ओढून वात पेटवली. देवीची क्षमा मागितली. मग त्याला दंडाला धरून, पायांत मोजेच असताना, तसंच अंगणात नेलं. डोक्यावर सगळं आभाळ हिरवंगार हलत होतं.

"हाही दिवाच, देवीनं लावलेला," मी हळूच म्हणाले. "हा फुंकून दाखव."