बसायची स्टुलं

टेम्पोतून नवी स्टुलं उतरली आणि नूर हरखून गेली. आठवा महिना चालू होता, पाय सुजून टम्म झाले होते. आता चिक्कीची पाकिटं बसून भरता येणार! पण दुपारपर्यंत प्रत्येक स्टुलावर चिक्कीचा ट्रे चढला.

"अगं बायांनो, ही बसायला आणलीत!" कारखान्याचा मालक वाहिद वैतागला.

"कामावर कोन बसतंय व्हय, शेट? लोक आळशी म्हनतील," सोबत पाकिटं भरणाऱ्या चिंगीनं हसण्यावारी नेलं. मग नूरचंही धाडस होईना.

तेवढ्यात वाहिदची आई, अजीजुन्निसा मावशी, आत आल्या. नूरचे पाय पाहून त्यांनी एक ट्रे खाली उतरवला आणि तिला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

"मावशी, नको ना. बरं दिसत नाही."

"गप गं! हा पोटात होता तेव्हा मी इथंच उभ्यानं पाकिटं भरायची," मावशी वाहिदकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बैस म्हणायला कुणी नव्हतं."

वाहिदनं दुसरं स्टूल रिकामं केलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं.

"अम्मी, बैस."

मावशी बसल्या मात्र, भराभर ट्रे खाली उतरले आणि उरलेल्या स्टुलांवर बायकांची एकच झुंबड उडाली!